हे इथून हलवू नये

मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला टेस्टिंगवाली त्याच्या टेबलाशी आली, आपला लॅपटॉप त्याच्या चहाच्या कपाला जवळजवळ टेकवून ठेवला आणि पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, हे का लिहिलंय?" प्रश्न साधा होता. ओळही साधी होती. ओळीच्या डोक्यावर एक टीप होती, 'हे इथून हलवू नये', आणि टिपेखाली त्याच्या नावाची दोन अक्षरं आणि एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख, चौदा मार्च. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, ओळ वाचली, चष्मा खाली घेतला आणि पुन्हा वाचली. मग सगळं ठाऊक आहे, फक्त सुरुवात कुठून करावी एवढाच पेच आहे, अशा माणसासारखा तो हुंकारला. "आहे त्याला कारण," तो म्हणाला. "ते असणारच," ती म्हणाली, "काय आहे?" आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला आठवत नाही. एखाद्याचं नाव आठवत नाही तेव्हा ते निदान जिभेच्या टोकाशी घुटमळत तरी असतं. इथे घुटमळायलाही काही नव्हतं. खिशात हात घालावा आणि हात थेट गुडघ्यापर्यंत जावा, तसं झालं. "संध्याकाळपर्यंत सांगतो," तो म्हणाला. ती मान डोलावून गेली. जाताना तिने त्याचा कप सुरक्षित अंतरावर सरकवला.

ऑफिसात त्याला तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे कुलूपकाका. बावीस वर्षं तो एकाच डेटाबेसच्या पोटातल्या एकाच इंजिनावर काम करत होता, आणि त्या इंजिनातल्याही एकाच भागावर. बाबा होते तेव्हा ते जिन्यात भेटेल त्याला सांगत, मुलगा इंजिनवर असतो. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी एकदा आदराने विचारलं होतं, मालगाडी की पॅसेंजर? बाबांनी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं, म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि सांगण्यासारखं होतं तरी काय? एका तक्त्यात कोट्यवधी नोंदी, आणि त्यांच्यात एकाच वेळी हात घालणारी हजारो माणसं. एक जण एखादी नोंद बदलत असला तर त्याचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, म्हणून त्या नोंदीला कडी लागते. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराला लागते तशीच, आणि तत्त्वही तेच: आत कोण आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, कडी लागलेली आहे एवढं कळलं की निमूट बाहेर उभं राहायचं. त्या कड्या लावणं आणि काढणं हे त्याचं बावीस वर्षांचं कर्तृत्व. खरा घोळ होतो तो नोंद पुसली जाते तेव्हा. पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही, काही काळ तिथेच पडून राहते आणि मग मागाहून सफाईवाला म्हणून एक छोटा प्रोग्राम येतो, तो तिला उचलून नेतो. पण तिला कोणाची कडी लागलेली असेल तर त्या कडीचं काय करायचं? ती शेजारच्या नोंदीला लावायची, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत कोणी परस्पर घुसणार नाही. इथपर्यंत शहाणपणाचं होतं. पण त्याच्या त्या ओळीत शेजारणीला कडी आधी लावली जायची, आणि ज्याच्या नावाने लावतोय तो माणूस अजून आत आहे की केव्हाच निघून गेलाय, ही चौकशी करणारी ओळ नंतर यायची. एरवी यात काही बिघडत नसे. पण त्या दोन ओळींच्या मधल्या, मोजायला गेलं तर हाती लागणार नाही इतक्या चिमुकल्या फटीत माणूस नेमका निघून गेला, तर माणूस नसे आणि कडी तेवढी राही. मग येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबून राही. जन्मभर.

अशी कडी गेल्या महिन्यात एका मोठ्या हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावरच्या बावीस नंबरच्या खाटेला लागली. खाट रिकामी होती. चादर बदललेली होती, पायथ्याशी पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं, पण कॉम्प्युटर म्हणत होता, या खाटेचं कोणीतरी काहीतरी करतंय, थांबा. अकरा तास. एक म्हातारे गृहस्थ तेवढा वेळ व्हरांड्यात स्ट्रेचरवर होते. तिथल्या नर्सने म्हणे फोन करून विचारलं, "मी खाटेपाशी उभी आहे, इथे कोणीही नाहीये, मी त्यांना झोपवू का?" आणि मदतकक्षातून उत्तर गेलं, "मॅडम, सिस्टीममध्ये कोणीतरी आहे." हे संभाषण ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना वाचून दाखवलं आणि सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा.

उपाय उघड होता. पहिली ओळ दुसरीच्या खाली न्यायची, आधी विचारायचं आणि मग कडी लावायची. पाच सेकंदांचं काम. टेस्टिंगवालीने आपल्या मशीनवर ते करून बघितलंही होतं, काही कोसळलं नव्हतं. पण वर टीप होती. गेल्या एकोणीस वर्षांत त्या टिपेचं काय झालं होतं ते त्याने त्या दुपारी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्यानंतर आलेल्या लोकांनी त्या ओळीला हात लावला नव्हता, तिला वळसा घालून रस्ते काढले होते. असे एकेचाळीस वळसे त्याने मोजले. कोणीतरी टिपेखाली आणखी एक टीप घातली होती, 'वरील सूचना पाळावी.' त्याच्याखाली सहा वर्षांनी दुसऱ्या कोणीतरी लिहिलं होतं, 'वरील दोन्ही सूचना पाळाव्यात.' नवीन माणूस नोकरीला लागला की त्याला पाण्याचं मशीन, जिना, आग लागली तर कुठून पळायचं आणि ही ओळ दाखवत. त्याला हे सगळं माहीत होतं, नव्हतं असं नाही. फक्त त्याला कायम वाटत आलं होतं, की यामागे काहीतरी भक्कम आहे आणि ते आपल्या डोक्यात जपून ठेवलेलं आहे. इतकी वर्षं तो ते एकदाही उघडून बघायला गेला नव्हता. एसीच्या झरोक्यातून मानेवर येणारा गार झोत, ज्याच्यासाठी तो बारा महिने मफलर गुंडाळून बसे, त्या दुपारी त्याला मफलरच्या आतून लागायला लागला.

आणि नेमकं आत्ताच आठवायला हवं होतं, कारण शनिवारी तो सुटणार होता. तीन वर्षांत त्याने चार वेळा राजीनामा दिला होता. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे एखादी कडी अडकली आणि तो थांबला. त्याचा वरिष्ठ त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होता आणि कुठल्याही गोष्टीला 'लगेच करू' म्हणत असल्यामुळे त्याचं नावच लगेच पडलं होतं. "सर, तुम्हाला लगेच सोडतो," लगेच प्रत्येक वेळी म्हणे, "फक्त हे एवढं." या वेळी मात्र दोघांनी कागदावर लिहून सह्या केल्या होत्या: ही खाटेची भानगड मिटली, की शनिवारी मोकळा. तिकडे दुसऱ्या गावात, पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत बदली घेऊन गेलेली बायको तीन वर्षं दोन खोल्यांच्या घरात राहत होती. त्यातली आतली खोली त्याची. म्हणजे त्याच्यासाठी ठेवलेली. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, कपाटात दोन रिकामे कप्पे. तो दिवाळी नाही की सुट्टी नाही असा अधूनमधून जाई, दोन दिवस त्या खोलीत पाहुण्यासारखा अंग चोरून झोपे आणि परत येई. गेल्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली होती, "माझ्या लॅबमधल्या एकीला खोली हवी आहे. शनिवारपर्यंत काय ते सांगा. नाहीतर तिला देते." तो म्हणाला, "रागावून बोलू नकोस." ती म्हणाली, "रागावले नाहीये मी. नुसती रिकामी असली तरी रोज पुसावी लागते हो ती."

त्याने आठवायचा पद्धतशीर प्रयत्न केला. आठवणं हेही एक कामच, आणि कामाला पद्धत लागते. जुन्या वह्या काढल्या. त्या वर्षीच्या वहीत चौदा मार्चच्या पानावर दोन चौकोन, त्यांच्यामध्ये एक फुली, आणि फुलीपासून उजवीकडच्या चौकोनाकडे जाणारा एक बाण, एवढंच होतं. बाणाचं टोक काढायचं राहिलं होतं. मग त्याने जाड्याला फोन लावला. जाड्या तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसत असे, आता कुठल्यातरी दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता आणि बारीक झाला होता. "तू ना," जाड्या म्हणाला, "तेव्हा सगळ्यावरच हलवू नये लिहायचास. माझ्या डब्यावर लिहिलं होतंस एकदा." "ते वेगळं," तो म्हणाला. "वेगळं काय त्यात. तो डबा मी चार दिवस हलवला नव्हता. वास सुटला तेव्हा सफाईच्या बाईंनी टाकला." जाड्या मनापासून हसला. मग म्हणाला, "तू अजून तिथेच आहेस?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, ते त्याला कधीच कळलं नव्हतं. आहे म्हणावं तर ऐकणाऱ्याचा आवाज मऊ होतो, दवाखान्यात भेटायला आल्यासारखा.

घरी आल्यावर तो बाबांच्या खोलीत जाऊन बसला. बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती, पण त्या खोलीला अजून तेच नाव होतं, आणि खोलीतली लोखंडी खाट भिंतीला लागून तशीच होती. बाबा या घरात अकरा वर्षं राहिले. त्या अकरा वर्षांत घरातल्या प्रत्येक वस्तूची एक जागा ठरून गेली. चष्म्याचं घर रेडिओच्या डाव्या अंगाला, रेडिओ खिडकीच्या उजव्या अंगाला, खिडकी दीड वीत उघडी, ना कमी ना जास्त. घरात बाबा सगळ्यात उशिरा आले होते, पण तिघांत बायकोच्या सवयी सगळ्यात नव्या. तिने त्या एकेक करून मिटून ठेवल्या आणि बाबांच्या चहाच्या वेळा सांभाळल्या. बाबा वाईट नव्हते. कोणाला कधी टाकून बोलले नाहीत. फक्त ते जिथे असत तिथे बाकीच्यांना वळसा घालून जावं लागे. ते गेल्यावर वस्तू हलवायला हरकत नव्हती, पण खिडकी अजून दीड वीतच उघडी राहते, हे त्याच्या लक्षात आलं ते त्या मंगळवारी, जेव्हा त्याने ती पूर्ण उघडायला बघितली आणि बिजागरी गंजून बसल्यामुळे ती हलेना. त्याने जोर लावला. मग सोडून दिलं.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने बायकोला फोन केला. तिच्याकडे मागे काचेच्या बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या, म्हणजे ती कामातच होती. "बोला," ती म्हणाली, "ठरलं का शनिवारचं?" "सांगतो. आधी एक आठवून सांग. एकोणीस वर्षांपूर्वी, चौदा मार्च, काय झालं होतं?"  बाटल्या वाजायच्या थांबल्या. "एवढ्यासाठी फोन केलात?" "महत्त्वाचं आहे गं. त्यावरच सगळं अडलंय." "चौदा मार्च ना? बाबा आले तो दिवस." "कशावरून?" "कशावरून म्हणजे? साडेचार वाजता दार वाजलं. मी न्हाऊन बाहेर आले होते, केस ओले, आणि दारात तुम्ही, बाबा आणि ती चॉकलेटी बॅग. एक फोन नाही की काही नाही. मला म्हणालात, बाबा आलेत. मला दिसत होतं की बाबा आलेत. डोक्याला टॉवेल तसाच ठेवून मी चहा टाकला, आणि पुढे…" तिने पुढचं सोडून दिलं. "तुम्ही म्हणाला होतात, चार दिवसांसाठी." "दादाशी वाजलं होतं त्यांचं," तो म्हणाला. "माहितीये मला. पण तुम्ही मला आत्ता हे का विचारताय?" त्याला सांगता आलं असतं. पण तेवढ्यात चौदा मार्च त्याच्यासमोर असा काही उभा राहिला, की तो "थांब, मी तुला नंतर करतो" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुपारचे सव्वातीन. जुनं ऑफिस, दुसरा मजला, राखी रंगाचा इंटरकॉम. तो त्या दोन चौकोनांवर आणि फुलीवर सकाळपासून डोकं लावून बसलेला, कोणती ओळ वर आणि कोणती खाली याचा विचार करत. बाणाचं टोक काढायला पेन टेकवलं आणि इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन म्हणाला, "साहेब, तुमचे वडील आलेत. बॅग आहे सोबत." बॅग आहे, हे वॉचमनने ज्या आवाजात सांगितलं त्यातच सगळं आलं. त्याने फोन ठेवला. ओळ जिथे होती तिथेच ठेवून वर घाईघाईत लिहिलं, हे इथून हलवू नये. म्हणजे उद्या सकाळी मी येईपर्यंत. म्हणजे मी अजून विचार केलेला नाही. जाड्याची सवय होती, दुसऱ्याचं काम उघडं दिसलं की नीटनेटकं करून ठेवायचं, म्हणून त्याच्यासाठी लिहिलेलं. बस, एवढंच. तो खाली उतरला तेव्हा बाबा अभ्यागतांच्या बाकावर, बॅग मांडीवर उभी धरून, दोन्ही हात बॅगेवर ठेवून बसलेले होते. ते म्हणाले, "तुझं काम आटोपू दे. मी बसतो." त्यांच्या बुटांना माती होती. ते स्टेशनवरून चालत आले होते आणि तसं सांगणार नव्हते. तो म्हणाला, "आटोपलंय." दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला नाही, तिसऱ्या दिवशी बाबांना बँकेत आणि दवाखान्यात नेलं, आठवड्याने परत खुर्चीत बसला तेव्हा डोक्यात दुसरंच काही होतं आणि ती ओळ इंजिनासकट गिऱ्हाइकांकडे रवाना झालेली होती. एक दुपार पुरावी म्हणून लिहिलेली चिठ्ठी. एकेचाळीस वळसे. वरील दोन्ही सूचना पाळाव्यात. जेवणाच्या टेबलाशी तो एकटाच हसायला लागला आणि समोरच्या टेबलावरच्या दोघींनी आपली ताटं उचलून जरा पलीकडे नेली.

गुरुवारी बैठक होती. लहान खोली, काचेची, बाहेरून सगळं दिसे आणि आतलं काही ऐकू येत नसे. लगेच, टेस्टिंगवाली, तो, आणि भिंतीवरच्या पडद्यात हॉस्पिटलच्या वतीने बसलेल्या एक बाई, ज्या मधूनमधून गोठून जात आणि मग एकदम चार वाक्यं बोलत. तो खरं सांगायचं ठरवून आला होता. गमतीने सांगायचं, म्हणजे कोणी दुखावत नाही. त्याने मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. "तर सर," लगेच म्हणाला, "ती ओळ. हलवायची?" तो तोंड उघडणार तोच टेस्टिंगवाली म्हणाली, "कारण नसेल तर मी हलवते. सही माझी. काही झालंच तर परत वर आणू, त्यात काय?" हे ती इतक्या सहज म्हणाली, खुर्ची सरकवून देते म्हणावं तसं. तिला दोन लहान मुलं होती आणि ती रोज पाच वाजता घरी जायची. त्याने तिच्याकडे पाहिलं. हे असं करता येतं?  पाच सेकंद. त्यानंतर तो शुक्रवारी खोका भरेल, शनिवारी गाडीत बसेल, त्या खोलीत जाऊन टेबलावरचा दिवा लावेल, आणि सोमवारी सकाळी? सोमवारी सकाळी ती पाणी तपासायला जाईल. तो दिव्याखाली बसेल. कोणी विचारायला येणार नाही, सर, हे का लिहिलंय. "थांबा," तो म्हणाला. "कारण होतं."

तो उठला, लाल मार्कर घेतला आणि फळ्यावर दोन चौकोन आणि मध्ये फुली काढली. मग बोलायला लागला. समजा, तो म्हणाला, आपण आधी चौकशी केली, की माणूस आत आहे का. चौकशीला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरा एक सफाईवाला येतो आणि ही शेजारीण उचलून नेतो. आता कडी लावायची कुठे? शेजारीणच नाही. कडी खाली पडते. मधली जागा उघडी. आणि दोन बाजूंनी दोघं जण एकाच वेळी आत. तो पडद्यातल्या बाईंकडे वळला. "म्हणजे मॅडम, आत्ता खाट अडकते. ओळ हलवली, तर एका खाटेवर दोन रोगी जातील." बाई गोठल्या. या वेळी ते नेटवर्कमुळे नसावं. बोलता बोलता त्याला स्वतःला ते सगळं दिसत होतं, इतकं स्वच्छ, की हे आपण आत्ता जुळवतोय की त्या दिवशी इंटरकॉम वाजण्याआधी क्षणभर खरंच पाहिलं होतं, ते सांगता येईना. बाणाचं टोक त्याने ठसठशीत काढलं. मग उपायही आला, आपोआप, न बोलावता: ओळ आहे तिथेच ठेवायची आणि एक गस्तवाला बनवायचा, तो फिरत राहील आणि मालक नसलेल्या कड्या शोधून काढेल. "किती दिवस?" लगेचने विचारलं. "सहा महिने. आणि मला इथे थांबावं लागेल." "लगेच करू," लगेच म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. टेस्टिंगवाली फळ्याकडे बघत होती. "सर, हे एवढं महत्त्वाचं होतं, तर तेव्हाच लिहून का नाही ठेवलंत?" "वडील खाली आले होते," तो म्हणाला. त्या तासाभरात त्याने बोललेलं हे एकमेव खरं वाक्य होतं. लगेचने समजुतीने मान हलवली आणि ते वाक्य कोणीच टिपून घेतलं नाही.

जिना उतरताना त्याला हलकं वाटत होतं, शाळेत परीक्षा पुढे ढकलल्यावर वाटे तसं. हलकेपणा घरापर्यंत पुरला. घरी बाबांच्या खोलीतल्या खाटेवर तो टेकला. आपण तिथे का खोटं बोललो याची कारणं त्याने मोजून बघितली. हॉस्पिटलची काळजी, एक. सावधपणा, दोन. कशातही दम नव्हता. बायकोला फोन करायचा राहिला होता. नंतर करतो म्हणालो होतो, त्याला आठवलं, पण काय सांगायचं ते ठरेपर्यंत तिची झोपायची वेळ झाली असणार, असं त्याने साडेसात वाजताच ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी टेस्टिंगवाली पुन्हा आली. या वेळी लॅपटॉप नव्हता, हातात एक कागद होता. ती शेजारची खुर्ची ओढून बसली, जे ती कधी करत नसे. "सर, तुमचे दोन सफाईवाले मी आणले," ती म्हणाली. "काल बैठक संपल्यापासून चालवतेय. एक लाख वेळा. दुसरा येतच नाही." "येतो," तो म्हणाला. "नाही येऊ शकत. पहिला नोंदींच्या एका पानावर असेपर्यंत दुसऱ्याला त्या पानावर पाऊलच ठेवता येत नाही. तशी सोय आहे आत." "कोणी केली?" "तुम्हीच. सतरा वर्षांपूर्वी." तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. हो, त्याचंच होतं. सुबक काम होतं, खाली सविस्तर कारणसुद्धा लिहिलेलं. म्हणजे काल सांगितलेली भीती कधीकाळी खरी असेलही, पण तिला त्याने स्वतःच सतरा वर्षांपूर्वी मूठमाती दिली होती आणि तेही विसरला होता. "काल आणखी एक खाट अडकली," ती म्हणाली, "सतरा नंबर. तीन तास. या वेळी नर्सने विचारलं नाही, सरळ झोपवलं पेशंटला. तिच्यावर आता चौकशी लागलीय." तो कागद पुन्हा वाचायला लागला. "मी हे अजून कोणाला दाखवलेलं नाही. म्हटलं, आधी तुम्हाला. आज दाखवलं तर ओळ संध्याकाळी खाली जाईल आणि तुम्ही उद्या मोकळे." तिने कागदावर बोट ठेवलं. "दाखवू ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. ती नुसती विचारत होती, आणि उत्तराला एक अक्षर पुरलं असतं. त्याने कागदाच्या कडा बोटांनी जुळवल्या. एसीचा झोत मानेवर होता. काचेच्या खोलीत लगेच कोणाला तरी हातवारे करून काही सांगत होता, आवाज येत नव्हता. व्हरांड्यातले ते म्हातारे गृहस्थ त्याच्या डोळ्यांपुढे आले, त्यांच्या मांडीवर का कोण जाणे एक बॅग होती. दाखवा, असं त्याला म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं तेव्हा तेच येईल अशी त्याची जवळजवळ खात्री होती.

"पुन्हा एकदा चालवून बघा," तो म्हणाला.

"किती वेळा?"

"दिसेपर्यंत."

तिने कागद घडी करून घेतला. मग उठली, खुर्ची जागेवर लावली. "सोमवारी सकाळपर्यंत चालवते सर," ती म्हणाली. "मग दाखवते." पाच वाजायला दहा मिनिटं होती. ती आपली पर्स घेऊन लिफ्टकडे गेली, आणि दार उघडायला उशीर लागला तशी जिन्याने निघून गेली.

म्हणजे सोमवारी. हे त्याला कळायला जरा वेळ लागला. सोमवारी तो सुटणार होता, त्याने काहीही केलं तरी. मग आता बायकोला काय कळवायचं? थांब म्हणायचं, की खोली दे म्हणायचं? ये म्हणाली तर सोमवारनंतर जाता येईल. पण सोमवारी काय होईल ते आत्ता कसं सांगणार, लगेच कदाचित म्हणेल, गस्तवाला तरी बनवाच. काहीतरी निघेल, दर वेळी निघत आलेलं आहे. तो बराच वेळ फोन हातात धरून बसला. शेवटी त्याने लिहिलं, 'अजून सहा महिने लागतील असं दिसतंय. खोली तिला देऊन टाक, माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस.' आपण मोठ्या मनाने वागलो असं त्याला वाटलं आणि त्या भरात त्याने ते पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. 'बुधवारीच दिली. दुपारी.'

त्याने ते दोनदा वाचलं. बुधवारी दुपारी काय झालं होतं, ते त्याला ताबडतोब आठवलं. या वेळी कोणाला फोन करावा लागला नाही.